चारशे बत्तीस वर्षांची मळी

त्या आठवड्यात आमचा हर्षल घरातसुद्धा तोंडाला मास्क लावून फिरत होता. जेवायला तेवढा हनुवटीखाली ओढायचा, घास गिळला की परत वर. बघून माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. झारेकऱ्याच्या पोटी जन्मलेल्यानं धुळीला नाक मुरडायचं म्हणजे कोळ्याच्या पोरानं मासळीला वास येतो म्हणून रडायचं.

"काय रे, पालखीत बसवू का तुला?" मी विचारलं.

"ॲलर्जी आहे, आई."

"तुझ्या बापाला नव्हती. आज्याला नव्हती. तू कुठनं आणलीस? ऑनलाइन मागवलीस?"

भट्टीपाशी बसलेली माझी सून भाग्यश्री फिस्सकन हसली. हर्षल हसला नाही. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला, कामाच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही, असं मी म्हणणार नाही. आलं होतं. आळस म्हणून सोडून दिलं.

झारेकरी म्हणजे काय हे आता कोल्हापुरातल्या नव्या पोरांनाही सांगावं लागतं. सोनाराच्या दुकानात कानस चालते, घासकाम चालतं, त्याची धूळ उडते. ती पायपुसण्यात बसते, मोरीत वाहते, सोनाराच्या डोक्यातल्या कोंड्यातही जाते. ती माती आम्ही विकत घ्यायचो, धुवायचो, आटवायचो आणि तिच्यातनं सोन्याचे कण काढायचो. माझं नावही केराबाई. माझ्याआधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं मला जन्मल्या जन्मल्या केरात टाकून उचललं होतं. शाळा चौथीपर्यंत झाली. पण मूठभर माती हातात घेऊन तिच्यात सोनं किती, हे मी सांगितलं आणि चुकलं, असं चाळीस वर्षांत दोनदा झालं.

या धंद्याचा एक नियम मी सुनेला पहिल्याच दिवशी सांगितला होता. कामाच्या खोलीत पाणी सांडायचं नाही. ओलं फडकं फिरवायचं नाही. कोरड्या केरसुणीनं झाडायचं, कोपऱ्यात ढीग करायचा, डब्यात भरायचं. पाण्याबरोबर लक्ष्मी वाहून जाते. अंगावरचे कपडेसुद्धा आधी खोलीतच झटकायचे.

"आणि शिंक आली तर?" तिनं तेव्हा विचारलं होतं.

"डब्यात शिंक."

हुपरीच्या घुंगरं करणाऱ्या घरातली पोरगी. बारावी झालेली, तोंडानं तिखट आणि हातानं माझ्याहून हलकी. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. सासूनं सुनेची तारीफ केली की मीठ कमी पडतं, असं आमच्याकडे म्हणतात. ती मला आत्या म्हणायची, सासूला आमच्यात तसंच म्हणतात.

पण सोनारांकडे आता धूळ ओढून घेणारी यंत्रं आली. धूळ पेटीत जमते आणि पेटी कंपनीची गाडी घेऊन जाते. आमच्या वाट्याला माती उरली नाही. मग आम्ही जुने फोन, जुनी यंत्रं फोडायला लागलो. त्यांच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो. माल आणायचं काम हर्षलचं. बाकीचा वेळ तो खेळायचा.

त्याचं ते खेळायचं यंत्र तुम्हीही बघितलं असेल. 'निरंतर'. दोन्ही हातांत धरायचं, दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं. त्याची करामत अशी की आतला खेळ कधीच थांबत नाही. तुम्ही झोपलात तरी तिकडं तुमचं पीक वाढतं, तुमच्या गावावर शत्रू चालून येतो. चार्जिंग संपलं तरी त्याच्या पोटातली एक चिमुकली अणुबॅटरी आतलं जग जागं ठेवते. पन्नास वर्षं पुरेल म्हणून जाहिरात करायचे. लोकांनी वापरलं सहा वर्षं. मग नवीन आलं आणि जुन्याचे डोंगर झाले. ती जुनी यंत्रं कंपनीला परत द्यायची, असा कायदा आहे. कायदा आहे म्हणूनच पुण्याच्या एका दलालानं नुसत्या बॅटऱ्या काढून तीन पोती भरली आणि हर्षलला विकली.

सोमवारी पोती आली. बॅटरी म्हणजे खिळ्याच्या डोक्याएवढी टिकली. भाग्यश्रीनं एक फोडली, आतली घडी चिमट्यानं उलगडली आणि माझ्यासमोर धरली. मी भिंग न लावता सांगितलं, सोन्याचा पत्रा. मुलामा नव्हे, पत्रा.

"हे पंख्यासारखं काय आहे ओ?" तिनं टिकलीवरचा बारीक शिक्का हर्षलला दाखवला. मधे ठिपका, भोवती तीन पाती.

"कंपनीचा शिक्का," तो उंबऱ्याबाहेरनं म्हणाला.

मंगळवार, बुधवार, गुरुवार तिनं काम केलं. घड्या चांदीबरोबर मुशीत टाकून आटवल्या, फुंकणीनं जाळ फुलवला. गोळा तेजाबात टाकला की चांदी विरघळते, सोनं तळाला राहतं. मुशीवर जी मळी तरंगते ती आम्ही फेकत नाही. तिच्यातही कण अडकलेले असतात. ती खलबत्त्यात कुटायची, चाळायची, पुन्हा आटवायची. तीन दिवस घरात त्या खलबत्त्याचा आवाज होता. संध्याकाळी ती खोली झाडायची, पदर झटकायची. सोनं असं निघालं की मी स्वतः उठून चहा केला आणि तिला दिला.

"आत्या, बरं वाटत नाही का?" ती म्हणाली.

"पी गप."

हर्षल उंबऱ्याबाहेर मास्क लावून उभा होता. त्यानं खिशातनं गोळी काढून गिळली. "कसली रे?" मी विचारलं. "ॲलर्जीची," तो म्हणाला.

शनिवारी सोनं विकलं. व्यापाऱ्यानं ते पुढं शुद्ध करायला पाठवलं आणि तिथल्या फाटकात भोंगा वाजला. आता सगळ्याच फाटकांना किरणोत्सार ओळखणारे भोंगे आहेत. रविवारी सकाळी आमच्या दारात दोन गाड्या थांबल्या, आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातली माणसं उतरली. गल्ली मोकळी केली. आम्हाला अंगणात उभं केलं, आंघोळी घातल्या, कपडे पिशवीत भरून नेले, हातांत मोजे चढवले. एकानं काठीसारखं यंत्र आमच्या खोलीतल्या केरसुणीवर धरलं. त्या यंत्रानं जो आवाज काढला तो मी विसरणार नाही. तापलेल्या तेलात मोहरी टाकल्यागत.

त्यांच्यातली मोठी डॉक्टरीण शबनम मुजावर. तिशी-पस्तिशीची, बोलणं सरळ. माझ्यासमोर स्टुलावर बसली.

"आजी, खोली कशानं झाडता?"

"केरसुणीनं."

"पाणी मारून?"

"कोरडी."

तिनं तेवढं कागदावर लिहून घेतलं. मग तिनं सांगितलं. त्या सोन्याच्या घडीत अमेरिसियम नावाचा धातू बसवलेला असतो. त्याचे अणू आपोआप फुटतात आणि प्रत्येक वेळी फुटताना एक जड कण बाहेर फेकतात. तो कण इतका जड की लांब जातच नाही, साधा कागदही त्याला अडवतो. अंगावरची मेलेली कातडी अडवते. टिकली दहा वर्षं खिशात ठेवली असती तरी फारसं काही झालं नसतं. पण तीच भुकटी होऊन श्वासात गेली तर आत अडवायला कागद नाही, कातडी नाही. तो कण निघतो तो थेट जिवंत मांसात घुसतो. तिथंच, रोज, त्याच जागी.

"म्हणजे भाऊबंद," मी म्हटलं. "दाराबाहेर उभा राहून शिव्या देतो तोवर कडी पुरते. घरात घेतला की संपलं."

"अगदी तसंच, आजी."

"आणि हा कधी जातो?"

"तेजाबात विरघळलेला रक्तात जातो, तिथनं हाडात आणि यकृतात. कुटलेला फुप्फुसात बसतो. त्याची ताकद निम्मी व्हायला चारशे बत्तीस वर्षं लागतात."

मला चौथीचा इतिहास येतो. शिवाजी महाराज जन्मायच्या आधी कुणी हे अंगात घेतलं असतं, तर आजवर त्यातलं निम्मं संपलं असतं. निम्मंच.

"ओलं फडकं मारलं असतं तर?" मी विचारलं.

तिनं आधी हातातले कागद नीट केले. मी तिच्याकडे बघत राहिले तशी म्हणाली, "बरीचशी धूळ उडाली नसती."

त्या खोलीत ओलं फडकं मी चाळीस वर्षं येऊ दिलं नव्हतं. भाग्यश्री माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात एका पांढऱ्या माणसानं हर्षलच्या पँटच्या खिशातनं निघालेली गोळ्यांची पट्टी आणून दिली. मुजावर बाईंनी ती उलटसुलट करून बघितली.

"आयोडीन. ही कुणाची?"

हर्षल म्हणाला, "माझी."

"कुणी दिली?"

"मीच मागवली. म्हणजे... खेळात तसंच असतं. किरणोत्साराच्या जागी गेलं की पडद्यावरची जिवाची पट्टी लाल होते. ही गोळी घेतली, की परत हिरवी."

मुजावर बाईंनी गोळ्या बाजूला ठेवल्या. "ही गोळी गळ्यातल्या ग्रंथीसाठी असते. अणुभट्टी फुटून किरणोत्सारी आयोडीन हवेत गेलं, तर ते ग्रंथीत शिरू नये म्हणून आधीच साधं आयोडीन भरून ठेवायचं. बस. अमेरिसियमला ही गोळी ओळखतसुद्धा नाही."

"पण ते चमकायला पाहिजे होतं," हर्षल म्हणाला. "हिरवं. मी अंधारात नेऊन बघितलं होतं, चमकलं नाही. म्हणून मला वाटलं, थोडंच असेल."

"चमकतो तो रंग. जुन्या घड्याळांच्या काट्यांना रेडियम घातलेला रंग द्यायचे. रेडियमचा मार खाऊन तो रंग हिरवा चमकायचा. लोकांनी ते चित्र धरलं आणि खेळात सगळंच हिरवं केलं. खऱ्याला रंग नाही, वास नाही, चटका नाही. आणि पट्टी परत भरत नाही."

मी मधे बोलले. "थांबा बाई. तू अंधारात नेऊन बघितलंस?"

हर्षलनं मान हलवली.

"म्हणजे तो शिक्का कशाचा ते तुला ठाऊक होतं."

"आई, प्रत्येक खेळात असतो तो. पण एवढं काही नसतं असं वाटलं. सांगितलं असतं तर तुम्ही दोघींनी माल परत पाठवला असता. मी त्या माणसाला आणखी दहा पोत्यांचा शब्द दिला होता."

"मग मास्क एकाच तोंडाला का होता?"

"घरात एकच होता."

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात पन्नास मास्कांचं खोकं मिळतं. ते त्याला कुणी सांगितलं नाही. मीही नाही. भाग्यश्री म्हणाली, "उद्या आणणार असतील," आणि परत अंगणाकडे बघायला लागली. तिची ती थट्टा करायची सवय अशा वेळीही सुटली नव्हती.

दुपारी आम्हाला सरकारी दवाखान्याच्या आवारातल्या तंबूत हलवलं. मुजावर बाईंनी समजावलं. एक औषध आहे. सुईनं नसेत द्यायचं. ते रक्तात फिरून त्या धातूला कवेत धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. रक्तात आहे तोवरच. हाडात बसलं की त्याचा हात पुरत नाही. पहिल्या दिवशी दिलं असतं तर उत्तम. आज सहावा दिवस. तरी पुष्कळ निघेल, पण रोज कमी.

"मग द्या की," मी म्हटलं.

"पहिल्या गाडीनं पाच कुप्या आल्यात. रोज एक, एका माणसाला. दोघांत वाटल्या तर दोघांनाही धड उपयोग नाही. पुढचा साठा बाहेरून मागवलाय, आठवडा लागेल. अंगावरची धूळ धुतली गेलीय. आत किती गेली ते मोजायचं मोठं यंत्र मुंबईला आहे, इथलं ते सांगू शकत नाही. म्हणून आज मला तुमच्या सांगण्यावर ठरवायचंय. भट्टीवर आणि खलबत्त्यावर सगळ्यात जास्त कोण होतं?"

"मला नको," मी म्हटलं. "हा भाऊबंद मारायला किती वर्षं घेतो?"

"कधी दहा, कधी वीस. हाडाचा कर्करोग, फुप्फुसाचा."

"तोवर मी स्मशानात जाऊन जुनी झालेली असेन. या दोघांचं बघा."

त्या बाई कागद आणायला गेल्या. मी कापडी पडद्याच्या अलीकडे खाटेवर बसले होते. पलीकडे हात धुवायचा नळ होता. तिथं दोघं उभी होती. हर्षलला वाटलं, म्हातारीला ऐकू येत नाही.

"तू काय बोलू नकोस," तो तिला म्हणत होता. "भट्टीवर मी होतो असं सांगतो."

"का?"

"भागे, माझं काही झालं तर तुला कोण आहे? माहेरी कोण घेणार तुला? तुझं काही झालं तर मी आहे ना, मी बघीन तुझं. आठवड्यानं तुलाही मिळणारच आहे."

नळाचं पाणी वाहत होतं. तिनं ते बंद केलं.

"बरं," ती म्हणाली.

बाई आल्या. हर्षलनं सांगितलं. तीन दिवस मीच आटवलं, मीच कुटलं, बायको फक्त चहा आणून द्यायची. इतकं सफाईनं सांगितलं की मला क्षणभर वाटलं, हा खरंच बसला होता का? मुजावर बाईंनी भाग्यश्रीकडे बघितलं.

"हे बरोबर आहे?"

"होय," ती म्हणाली. "हेच होते."

सव्वीस वर्षांची पोरगी. मी जे सांगितलं ते तिनं कधी उलटवलं नाही, तोंडानं कितीही टोमणे मारले तरी. नवऱ्याच्या शब्दाबाहेर जायचं नाही, हेही मीच सांगितलं होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, त्या केरसुणीच्या नियमाबरोबरच.

"आजी, तुम्ही घरातल्या मोठ्या. तुमचं काय म्हणणं?"

हर्षलनं माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात शंका नव्हती, ते मला सगळ्यात जास्त लागलं. आई काय बोलणार हे त्यानं गृहीत धरलं होतं. अडतीस तासांच्या कळा देऊन काढलेलं हे एकच लेकरू. त्याला ठाऊक होतं.

मी खाटेवरनं उठले. भाग्यश्रीचा हात धरला. ती ओढून घ्यायला लागली.

"आत्या, नको."

"गप."

मी तिच्या हातातला मोजा ओढून काढला. मग दुसरा. तिची बोटं उजेडात धरली. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, नखांच्या कडा, सगळं हळदीसारखं पिवळं. तेजाबाचा डाग. तो साबणानं जात नाही, आंघोळीनं जात नाही. कातडी गळून नवी येईस्तोवर राहतो. माझ्या हातांवर तो चाळीस वर्षं राहिला.

"आता त्याचे बघा," मी मुजावर बाईंना म्हटलं.

हर्षलनं दोन्ही हात पाठीमागं नेले. हात मागं गेलेले बाईंनी बघितले, तेवढं पुरलं. त्यांनी कागदावरचं हर्षलचं नाव खोडलं आणि परिचारिकेला कुपी फोडायला सांगितली. भाग्यश्रीला खाटेवर बसवलं. तिनं दंड पुढं केला.

"आई," हर्षल म्हणाला. आवाज लहानपणी ताप चढल्यावर निघायचा तसा. "धूळ घरभर होती आई. माझ्याही आत गेलीय. मास्कमधनं जाते, विचार त्यांना. मी पोरगा आहे तुझा."

"गेली असेल," मुजावर बाई म्हणाल्या. "थोडी असेल. आठवड्यानं बघू." त्यांनी ते डॉक्टरासारखं सांगितलं, दया न घालता.

तो माझ्याकडे आला. माझे पाय धरायला वाकला. मी पाय मागं घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"हर्षल, उभा राहा आणि ऐक. तुला कळत होतं आणि तू सांगितलं नाहीस, त्या पापातलं निम्मं मी माझ्या अंगावर घेते. धूळ माझ्या शिकवणुकीनं उडाली. पण नळापाशी तू तिचं जगणं तिच्याच तोंडून मागून घेतलंस आणि तिनं 'बरं' म्हटलं, कारण नवऱ्यानं मागितलं की द्यायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. ते शिकवणं मी आज मोडते. तू माझा मुलगा आहेस आणि मी मरेपर्यंत राहशील, त्याला माझ्याकडं औषध नाही. पण या पोरीचं लग्न मी लावून दिलं होतं, तुझ्याशी. तू तिचा नवरा आजपासून नाहीस. बाहेर हो."